तेल, माती आणि पट्टा

रस्त्यावर दाबतात तोही मुरूम आणि सोळाव्या वर्षी गालावर उगवतो तोही मुरूम. दोन्हींवरून एकदा बोट फिरवून पाहावे, म्हणजे मराठी माणसाला हा शब्द दोन्हीकडे का चालला ते वेगळे सांगावे लागत नाही. संस्कृत वैद्यांची नजर मात्र रस्त्याकडे न जाता झाडाकडे गेली. सुश्रुतसंहितेत या विकाराला 'मुखदूषिका' म्हटले आहे आणि तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पुळ्यांना शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिली आहे. ही उपमा नुसती आकारापुरती नाही. काटेसावरीचे झाड कोवळे असते तेव्हा खोडावर शंकूसारखे काटे दाट असतात. झाड जुने होत जाते तसे बुंध्याचे काटे झिजतात आणि खोड गुळगुळीत होत जाते. ज्या वैद्याने ही उपमा प्रथम योजली, त्याने झाडही नीट पाहिले होते आणि रोगीही. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात या पुळ्यांना 'मेदोगर्भ' असे विशेषण लावले. आत मेद असलेल्या, म्हणजे मूळ बिघाड बाहेरच्या मळाचा नसून आतल्या स्निग्धाचा आहे, हे त्या एका शब्दात येते. त्वचेचे आजचे शास्त्र याहून फार वेगळे सांगत नाही.

व्यायामाच्या इतिहासाची साधने मी गेली वीसेक वर्षे गोळा करतो आहे. शिक्षण वाणिज्य शाखेचे, पोट भरले ते सरकारी खात्यातल्या हिशेबांवर. मी डॉक्टर नाही, वैद्य तर नाहीच. पण कुस्ती, मलखांब, जोर-बैठका यांच्याविषयी जे जे छापलेले हाती लागले ते वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. व्यायाम करणाऱ्याच्या स्नायूंविषयी माणसांनी जेवढे लिहिले, जवळजवळ तेवढेच त्याच्या कातडीविषयीही लिहिले आहे. अंगाला काय लावावे, काय पुसावे, कधी धुवावे याची पाने भरली आहेत. आणि तरीही कोणत्याही तालमीत, मैदानावर किंवा गल्लीतल्या जिममध्ये जाऊन पाठीवर, कपाळावर, हनुवटीवर पुळ्या का येतात असे विचारले, तर एकच निकाल ऐकू येतो : घाम मुरतो म्हणून. हा निकाल इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे दिला गेला आहे, की आरोपीचे म्हणणे कुणी ऐकून घेतलेलेच दिसत नाही. या लेखात त्या खटल्याचे जुने कागद उघडायचे आहेत.

सुरुवात वाग्भटापासूनच करू. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ सातव्या शतकाच्या आसपास धरतात. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. त्यातला क्रम पाहण्याजोगा आहे : आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन आणि शेवटी स्नान. व्यायाम करायचा तो अर्ध्या शक्तीने, तोही स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानाने, आणि विशेषकरून थंडीत व वसंतात. व्यायामानंतर अंग सुख वाटेल असे मर्दन करायचे. उद्वर्तन म्हणजे कोरडे चूर्ण अंगाला चोळणे. ते कफ हरण करते आणि मेद विरघळवते, असे त्याचे गुण सांगितले आहेत. म्हणजे ज्या दोन गोष्टी मुखदूषिकेच्या निदानात आल्या, कफ आणि मेद, त्याच दोन गोष्टी व्यायामानंतरच्या चोळण्याने उतरवायच्या आहेत. तेल लावून तसेच हिंडायला ग्रंथ सांगत नाही. लावलेले तेल त्याच सकाळी काढायचेही आहे.

हा क्रम आपल्या घरात वर्षातून एकदा तरी अजून पाळला जातो. नरकचतुर्दशीला पहाटे उठवून आई तेल चोळते, मग नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद घातलेले उटणे लावते आणि मग कढत पाणी. हल्ली पुष्कळ घरांत उटण्याची पुडी फक्त शास्त्रापुरती चिमूटभर लावतात आणि पुढे सुगंधी साबण असतो. तेलाला सुट्टी देणारी गोष्ट उटणे ही आहे, हे विसरले की अभ्यंगस्नानातला अर्धा विधी केवळ वासापुरता उरतो.

सुश्रुताचा उपचार थोडक्यात सांगून टाकतो. पुळ्या फार असतील तर वमन, आणि लेपासाठी वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी, किंवा धने, वेखंड, लोध्र आणि कोष्ठ. यातले धने-वेखंड-लोध्र आजही वैद्य सुचवतात. मोहरीचा लेप नाजूक गालावर लावून भाजून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. तेव्हा घरच्या घरी प्रयोग नको.

हाच क्रम, तेल, कसरत, खरवडणे, पाणी, भूमध्य समुद्राकाठीही स्वतंत्रपणे रुळलेला होता. ग्रीक मल्ल आखाड्यात उतरण्यापूर्वी अंगाला ऑलिव्हचे तेल चोळत, त्यावर बारीक माती उधळून घेत, आणि लढत संपली की पितळी किंवा लोखंडी, विळ्यासारख्या वाकड्या खरवडणीने घाम, तेल, माती यांचा एकत्र झालेला थर अंगावरून ओढून काढत. या खरवडणीला लॅटिनमध्ये स्ट्रिजिल म्हणत. लायसिपस या शिल्पकाराने असे अंग खरवडणाऱ्या एका तरुण मल्लाचा पुतळा केला होता. अग्रिपाने तो रोममध्ये आपल्या स्नानगृहासमोर उभा केला. पुढे सम्राट तायबेरिअसला तो इतका आवडला की त्याने तो उचलून आपल्या शयनगृहात नेला. तेव्हा रोमच्या लोकांनी नाट्यगृहात आरडाओरडा करून पुतळा परत जागेवर आणायला लावला, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. अंग खरवडणाऱ्या मल्लासाठी सम्राटाशी भांडणारी जनता! आपल्याकडे एवढी माया पुतळ्यावर असते, पण पुतळा वेगळ्या लोकांचा असतो.

त्याच प्लिनीची दुसरी नोंद अधिक उपयोगाची आहे. व्यायामशाळांचे अधिकारी मल्लांच्या अंगावरून निघालेला हा खरवड विकत, आणि त्याची किंमत ८०,००० सेस्टर्सपर्यंत गेल्याचे तो सांगतो. सूज, सांधेदुखी यांवर औषध म्हणून तो वापरला जाई. आपण ज्याला मळ म्हणून नाक मुरडतो तो तिथे भरणीत भरून विकला जात होता. घामाकडे पाहण्याची दृष्टी काळाप्रमाणे किती पालटते, याला यापेक्षा बोलका पुरावा मला मिळालेला नाही.

मातीविषयी फिलोस्ट्रेटस या तिसऱ्या शतकातल्या लेखकाने व्यायामकलेवरच्या आपल्या पुस्तकात जे लिहिले आहे ते वाचताना कोल्हापूरचा कुणी वस्ताद बोलतो आहे असे वाटते. चिकणमातीची धूळ अंग साफ करते. भाजलेल्या मातीची धूळ बंद पडलेल्या रंध्रांना उघडून घाम आणते. डांबरी माती थंडावलेल्यांना ऊब देते. काळी आणि पिवळी माती अंग मऊ करते, आणि पिवळीने तर अंगाला चकाकी येते. धूळ उधळताना मनगट सैल आणि बोटे फाकलेली हवीत, म्हणजे ती पिसासारखी पडते, इथपर्यंत बारकावा आहे.

आता आपल्या लाल मातीकडे. मल्लविद्येचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन आपल्या भागात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मिळते. त्यात मल्लांच्या श्रमांमध्ये खांबावरचा 'स्तंभश्रम' आहे तसा पाण्यातला 'सलिलश्रम'ही आहे. पोहणे हा मल्लाच्या मेहनतीचाच भाग होता, म्हणजे अंग धुणे वेगळे सांगायला नको. अलीकडच्या काळात बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. त्यांत कुस्ती, मालिश, आखाडे या सगळ्याला जागा आहे. मराठीत एवढे काम एका माणसाच्या हिमतीवर झाले आणि आज ते खंड कितीतरी ग्रंथालयांत कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर आहेत. शिडी मागितली की ग्रंथपाल वर बघतो, मग माझ्याकडे बघतो.

तालमीची माती ही रानातली माती नसते. चाळलेल्या तांबड्या मातीत तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर मिसळून ती मुरवतात, पाणी मारतात, रोज उकरतात. पैलवान ती अंगाला चोळतो, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकतो, मेहनत संपली की अंगावर सुकू देतो आणि मग झाडून, पुसून विहिरीवर जातो. तेलकट अंगावर सुकलेली माती काय करते? घाम आणि तेल शोषून घेते आणि निघताना ते घेऊन निघते. वाग्भटाचे उद्वर्तन आणि ग्रीकांची खरवडणी ही दोन्ही कामे माती एकटी करते. शिवाय पैलवानाच्या अंगावर लंगोटाखेरीज काही नाही. पाठ, छाती, खांदे सताड उघडे. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे तीच महत्त्वाची ठरणार आहे.

म्हणून तालमीत सगळे निर्मळ होते असे चित्र रंगवायचे नाही. एकच तेलाची बुधली, एकच पंचा, पाच-सहा जणांत फिरणारा लंगोट, यांतून गजकर्ण आणि गळवे किती पसरली असतील याची कल्पना मातीत उतरलेल्या कुणालाही आहे. तेल लावून अंघोळ संध्याकाळवर ढकलणारे पठ्ठेही होतेच. क्रम मोडला की औषधाचाच रोग होतो.

घामावरच्या आरोपाला नीतीची फोडणी मिळाली ती नंतर. रोमन लेखक सेल्सस मुरूम, वांग आणि तीळ यांवर उपचार करणे म्हणजे जवळजवळ मूर्खपणाच मानतो, पण बायकांना रूपाची काळजी सोडवत नाही म्हणून सांगतो, अशा सुरात दोन-चार लेप देऊन मोकळा होतो. त्याच्या लेखी तो बायकी हट्ट होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरांनी तरुण मुलांच्या चेहऱ्यावर त्यांचे चारित्र्य वाचायला सुरुवात केली. एकांतातल्या सवयी, वाईट विचार, अविवाहित राहणे, या सगळ्यांचा हिशेब कपाळावर उमटतो असे मानले जाऊ लागले. उपाय म्हणून गार पाणी आणि कठोर व्यायाम. आमच्या लहानपणी तालमीत एखाद्या पोराच्या गालावर पुळ्या दिसल्या की म्हातारे वस्ताद नजरेनेच काहीतरी विचारत आणि शंभर जोर जास्त मारायला लावत. पोर लाजेने मान खाली घालून जोर मारी, पुळ्या वाढत, आणि वस्तादांचा संशय पक्का होई. या चक्रात सापडून तालीम सोडलेली दोन मुले तरी मला आठवतात. एकाचा पट काढण्यात हात धरणारा कुणी नव्हता.

नीतीचा हा आरोप कोर्टात टिकला नाही तो १९४१ साली. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने वयात येण्यापूर्वी अंडकोष गमावलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. त्यांना मुरूम येत नव्हते. पुरुषी संप्रेरक टोचल्यावर मात्र त्यांच्यातल्या काहींना ते आले. म्हणजे वयात येताना शरीरात जो रस वाढतो त्याने त्वचेतल्या तेलग्रंथी जाग्या होतात. हा रस मुलींच्या अंगातही असतो, फक्त कमी. रंध्राच्या तोंडाशी पेशी चिकटतात, मागे तेल साचते, तिथे राहणारा एक जिवाणू त्यावर वाढतो आणि पुळी लाल होते. हा जिवाणू उन्ना या जर्मन त्वचावैद्याने १८९६ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. काळ्या टोकाच्या मुरुमातला काळेपणा ही धूळ नव्हे, त्वचेचाच रंग तो. कितीही घासला तरी जाणार नाही. आणि घाम? घामाच्या ग्रंथी वेगळ्या, त्यांची नळी वेगळी, तोंड वेगळे. ज्या रंध्रात मुरूम होतो त्या रंध्रातून तो घाम येतच नाही. दोन शेजाऱ्यांच्या भांडणात तिसऱ्याला पकडून नेल्यासारखे हे झाले.

मग व्यायाम करणाऱ्यांनाच पाठीवर, खांद्यावर, हनुवटीवर जास्त पुळ्या का? या प्रश्नाचे नेमके उत्तर १९७५ साली छापले गेले, आणि त्या उत्तरापाशी जाण्यापूर्वी ते देणाऱ्या माणसाविषयी बोलणे भाग आहे.

अल्बर्ट क्लिगमन हे फिलाडेल्फियातले त्वचावैद्य. मुरुमांवरच्या आजच्या ज्ञानाचा मोठा भाग त्यांच्या नावावर आहे. अ जीवनसत्त्वापासून झालेले मलम मुरुमांवर चालते हे त्यांनी दाखवले. चॉकलेटने मुरूम वाढतात का, याचा १९६९ सालचा गाजलेला प्रयोग त्यांच्या गटाचा. केसांच्या चरबट मलमांनी कपाळावर मुरूम येतात हे १९७० साली दाखवणारेही तेच. आपल्याकडे डोक्याला थापलेले खोबरेल घामाबरोबर कपाळावर ओघळते तेव्हा काय होते, त्याचे उत्तर या कामात आहे. पण हे ज्ञान ज्या कातडीवर मिळवले ती कातडी बऱ्याच वेळा होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांची होती. १९५१ च्या सुमारास क्लिगमन त्या तुरुंगात गेले, आणि १९७४ पर्यंत तिथे प्रयोग चालू राहिले. कैद्यांमध्ये बहुसंख्य कृष्णवर्णीय. किरकोळ मोबदल्यावर त्यांच्या पाठीवर औद्योगिक रसायने, अत्तरे, औषधे लावून पाहिली गेली. एका रासायनिक कंपनीसाठी डायॉक्सिनसारखे विषही लावले गेले. चॉकलेटच्या प्रयोगातही कैदी होते. ॲलन हॉर्नब्लम या लेखकाने १९९८ साली हे सारे पुस्तकात मांडले तेव्हा जगाला कळले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकशाळेने २०२१ साली आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली माफी मागितली. तोवर क्लिगमन जाऊन बारा वर्षे झाली होती आणि कैद्यांपैकी कितीतरी जण हयात नव्हते.

त्वचाविज्ञानाच्या इतिहासावरच्या लेखांत हा भाग एका वाक्यात उरकण्याची चाल आहे. मला ती पटत नाही. ग्रीकांचा खरवड विकला गेला तेव्हा निदान त्यासाठी मल्लाच्या अंगाला काही झाले नव्हते.

आता ते उत्तर. ओटो मिल्स आणि क्लिगमन यांनी १९७५ साली एका त्वचाशास्त्रीय नियतकालिकात अगदी छोटा निबंध लिहून एका प्रकाराला नाव दिले. ते मराठीत आणायचे तर 'घर्षणमुरूम' म्हणता येईल. त्यांनी पाहिले ते असे : ज्याच्या अंगात मुरुमांची प्रवृत्ती आधीपासून आहे, त्याच्या त्वचेवर कशाचा तरी दाब, घासणे, ओढणे सतत होत राहिले, की त्या नेमक्या जागी दबलेले बारीक मुरूम फुटून लाल होतात. अमेरिकी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या हनुवटीवर शिरस्त्राणाच्या पट्ट्याखाली, खांद्यावर जाड गाद्यांखाली. कुणाच्या कपाळावर घट्ट पट्टीखाली, कुणाच्या गळ्यावर उंच गळपट्टीच्या स्वेटरखाली, बायकांच्या घट्ट अंतर्वस्त्रांच्या पट्ट्यांखाली. व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या जबड्याखाली येणारा डाग हाही याच कुळातला. घाम इथे साक्षीदार म्हणून हजर असतो. ओल्या त्वचेवर घासणे जास्त लागते, उष्णतेने त्यात भर पडते आणि बंदिस्तपणाने ओल सुकत नाही. पण गुन्हा करणारा असतो तो पट्टा.

मागे वळून पाहिले की दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात लढणाऱ्या सैनिकांना जे झाले त्याचाही अर्थ लागतो. दमट उष्ण हवेत पाठीवर जड थैली, खांद्यावर पट्टे, अंगात जाड ओले कपडे. पाठीवर, मानेवर, नितंबांवर इतके भयंकर मुरूम येत की सैनिकांना मागे पाठवावे लागे. त्याला तेव्हा 'उष्णकटिबंधीय मुरूम' म्हटले. नाव हवेवर ठेवले गेले. तीच हवा अंगावर घेणारे स्थानिक शेतकरी उघड्या पाठीने भाताच्या खाचरात उभे असत.

आणि इथे लंगोट आठवतो. तालमीतल्या मल्लाच्या पाठीवर काही घासत नव्हते. मातीवरून गादीवर कुस्ती आली, त्याबरोबर अंगाला चिकटणारा कृत्रिम धाग्याचा पोशाख आला, गुडघ्याला पट्टे आले. मातीसारखे तेल-घाम शोषून घेणे गादीला जमत नाही. ती नुसती घासते, आणि पुसली नाही तर एकाचे दुसऱ्याला देते. मी गादीविरुद्ध नाही. ऑलिम्पिकची कुस्ती गादीवर होते, तेव्हा पोरांनी गादीवर खेळलेच पाहिजे. फक्त मातीचा जो क्रम होता त्याच्या जागी गादीसाठीचा क्रम कुणी शिकवला नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी क्रिकेट खेळते, यष्टिरक्षण करते. दोन वर्षांपूर्वी तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने पुळ्यांची रांगच लागली. कपाळावर हेल्मेटच्या आतल्या फोमची रेघ उमटावी तशी रांग. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत तिला सांगितले गेले की घाम फार येतो, तोंड सारखे धू. ती दिवसातून सात-आठ वेळा साबणाने तोंड धुऊ लागली, वर खरखरीत स्क्रब. गाल सोलवटले, पुळ्या वाढल्या, आणि एक दिवस तिने आईला सांगितले की मला आता खेळायचे नाही, संघाचा फोटो काढतात तिथे मी उभी राहणार नाही. मुलगा असता तर कदाचित कुणी एवढे मनावर घेतले नसते असे बहीण म्हणाली. मला ते खरे वाटत नाही. मला तालमीतली ती दोन मुले आठवली.

मी तिला म्हटले, "बाळा, पुळ्या कुठे आहेत ते आरशात नीट बघ आणि मग हेल्मेट घाल." तिने घातले, आणि पट्टा जिथे बसत होता तिथे बोट लावून माझ्याकडे पाहतच राहिली. "मामा, हे तर मापच आहे की!" त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तेच निदान केले. हनुवटीच्या पट्ट्याला आतून धुता येईल असे सुती कापड शिवून घेतले आणि ते रोज बदलू लागली. दोन षटकांच्या मध्ये पट्टा सैल करायची सवय लागली. साबण दोन वेळांवर आला, तोही सौम्य. रात्री डॉक्टरांनी दिलेले मलम. तीन महिन्यांत फरक दिसला, सहा महिन्यांत ती फोटोत होती.

तोंड किती वेळा धुवावे यावर अमेरिकेत २००६ साली एक प्रयोग झाला होता. दिवसातून दोनदा धुणाऱ्यांचे सर्वांत बरे चालले, चार वेळा धुणाऱ्यांना जास्तीचा लाभ झाला नाही. २००८ सालच्या एका छोट्या चाचणीत व्यायामाने पाठीचे मुरूम वाढतात का आणि अंघोळ लगेच केली की उशिरा यावर काही ठरते का, हे तपासले. ठळक फरक दिसला नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर इमला उभारू नये. पण घामाच्या बाजूने पुराव्यात एक कागद तर पडला. तरीही ओला बनियन अंगावर वाळवत बसू नये, कारण तो घासतो. अंग टॉवेलने रगडू नये, टिपावे. पाठीवरची सॅक सायकल चालवताना एकाच जागी घासत असेल तर पट्टे ढिले करावेत किंवा मध्ये सुती कापड घ्यावे. पुण्यात दुचाकीवर मुली तोंडाला ओढणी गुंडाळून फिरतात. ती धुळीपासून वाचवते खरी, पण आठवडाभर न धुतलेली तीच ओढणी गालावर दाबून घासत राहते. करोनात मास्कखाली हेच झाले. बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम चांगले चालते, मात्र ते रंगीत जर्सीचा रंग उडवते, तेव्हा पाठीला लावणाऱ्याने पांढरा बनियन घालून झोपावे. मुरुमांवरच्या काही गोळ्यांनी ऊन जास्त लागते आणि आयसोट्रेटिनॉइनने काही जणांचे स्नायू दुखतात. म्हणून मैदानावर खेळणाऱ्याने आपण खेळतो हे डॉक्टरांना आधी सांगायला हवे.

जिमच्या मुलांसाठी वेगळे बोलावे लागते. तिथे पट्ट्यापेक्षा डब्याचा प्रश्न मोठा आहे. दुधाच्या पाण्यापासून केलेली प्रथिनांची भुकटी सुरू केल्यावर मुरूम उसळले आणि बंद केल्यावर ओसरले, अशा रुग्णांच्या नोंदी २०१२ पासून छापल्या गेल्या आहेत. सगळ्यांना होते असे नाही, पण ज्याला अचानक झाले त्याने डबा महिनाभर बाजूला ठेवून पाहायला हरकत नाही. दुसरा डबा बिननावाचा असतो आणि तो जास्त घातक. हॅमिल्टनने १९४१ साली सुईने जे करून दाखवले तेच आज काही जिमच्या मागच्या खोलीत चालते. पूर्व जर्मनीने १९७०-८० च्या दशकांत आपल्या खेळाडू मुलींना जीवनसत्त्वे म्हणून ज्या निळ्या गोळ्या दिल्या त्या पुरुषी संप्रेरकाच्या जातीच्या होत्या. भिंत पडल्यावर उघड झालेल्या तिथल्या कागदपत्रांत दुष्परिणामांमध्ये मुरूम नोंदलेले आहेत. त्या मुलींच्या अंगात काय चालले आहे हे आई-बापांना माहीत नव्हते, पण पाठीवर ते लिहिलेले होते. वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यांवर आणि छातीवर चार आठवड्यांत मोठमोठ्या पुळ्यांचे पीक आले, तर त्याच्या घामाची चौकशी करण्यापेक्षा त्याला कोण काय देते त्याची करावी.

आणखी एक गफलत पावसाळ्यात फार होते. पाठीवर आणि छातीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या उठतात. त्या पुष्कळदा मुरूम नसतातच, केसांच्या मुळाशी वाढणाऱ्या बुरशीच्या असतात. मुरुमांची औषधे, विशेषतः प्रतिजैविके, घेत राहिले तर त्या वाढतात. खाज येते का, हा एक प्रश्न विचारला तरी डॉक्टरांकडे कोणती तक्रार घेऊन जायचे ते ठरते. यावरचा उपाय बुरशीनाशक मलमाचा असतो. तालमीतल्या गादीवर रोज दोन वेळा जंतुनाशक फडके फिरवले आणि प्रत्येकाने स्वतःचा टॉवेल आणला, तर निदान गजकर्ण आणि गळवांचा फेरा तरी एकाकडून दुसऱ्याकडे जाणार नाही.